सत्तावीस नंबरचं नाव

सुजाता, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाला मिलिंदनं मला चार शब्द बोलायला उभं केलं. विहारापुढं मांडव घातला होता, समोर तुझा फोटो, मेणबत्त्या, आणि अर्धं निरवांगी सतरंज्यांवर बसलेलं. मी उभी राहिले, "सुजाता माझी" एवढं म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं. दोन-तीन बायकांनी पदर डोळ्याला लावले. गहिवर कसला आलाय! मी आणखी तोंड उघडलं असतं तर भलतंच बाहेर पडलं असतं, आणि ते आधी तुझ्या कानावर जायला हवं होतं, मांडवाच्या नाही.

तर ऐक. बुधवारी खोका क्रमांक एक्केचाळीस रद्दीच्या टेम्पोत गेला. गुरुवारी तुझा फोन आला आणि मी तुला ते सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी तू गेलीस. इतकंच झालं. पण हे इतकंच मी दिवसभर मनात घोळवते, आणि दर वेळी गुरुवारपाशी येऊन अडते.

शनिवारी ठरल्याप्रमाणे मी साडेदहाला बारामती स्टँडवर उतरले. तू कँटीनजवळच्या खांबापाशी असणार होतीस. नव्हतीस. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट तू वेळेवर दिसली असतीस तर मी घाबरले असते. अर्धा तास गेला, तास गेला. बाकावर माळेगावच्या कारखान्यातले दोघं उसाच्या तोडीवरून तावातावानं बोलत होते, तेही उठून गेले. मी मनातल्या मनात तुला लाखोली वाहत बसले होते. तेवढ्यात तुझा भाऊ येताना दिसला. मी त्यालाच झापलं. म्हटलं, "काय रे मिलिंद, बाईसाहेबांना उठवलं नाही म्हणून तुला पाठवलं का? तासभर उन्हात बसलेय मी."

तो म्हणाला, "ताई, आमची सुजाताई गेली."

मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं गं. त्याला बिचाऱ्याला परत सांगावं लागलं. "काल दुपारी. डोस्कं दुखतंय म्हनून आडवी झाली ती उठलीच न्हाय. इंदापूरला न्यायला गाडी आनस्तवर खलास. डाक्टर म्हनलं, डोस्क्यातली शीर फुटली. तुमच्या हापिसात लई येळा फोन लावला, कुनी उचलला न्हाय. मातीबी कालच झाली." मी त्याला म्हणाले, "अरे, पण परवा तिनं मला फोन केला होता!" जसं काही परवा फोन केलेलं माणूस काल मरत नसतं. तो मान हलवत राहिला, आणि मी तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिले. शेवटी त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि मला फटफटीपाशी नेलं.

चौतीस वर्षांची धडधाकट बाई. तुला कधी सर्दीसुद्धा माझ्याआधी झाली नाही.

केंद्रात तू रुजू झालीस तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडले होते. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय अभ्यासाचं संशोधन केंद्र. नाव एवढं की पाटीवर मावत नाही, आणि आत बघावं तर चार खोल्या, एक शिपाई आणि रेकॉर्डची लांबुडकी खोली सांभाळणारी मी. तू संशोधन सहायक म्हणून आलीस आणि पहिल्या तासाभरातच एका फाईलीतले कागद तारखेप्रमाणे लावायला घेतलेस. मी म्हटलं, "हात काढ आधी! कागद ज्या क्रमानं आला त्याच क्रमानं राहतो." तू हात काढलास, माझ्याकडं बघितलंस आणि विचारलंस, "तुम्ही कुठल्या?" मी म्हटलं, कऱ्हाटीची. "अगं बाई, माझं आजोळ! म्हणजे तू माझी मावशी लागतेस." तुम्हीचं तू व्हायला तुला एक वाक्य पुरलं. पुढं मला डिवचायचं असलं की तू मंदा सोडून 'मावशे' म्हणायला लागलीस. माझ्याहून दोनच वर्षांनी धाकटी होतीस, पण तुला सांगणार कोण?

काम मात्र तू माझ्याकडून शिकलीस, आणि ते मी अजूनही मिरवते. पहिल्या आठवड्यात तुला दोनच नियम दिले. एक, मूळ कागदावर आपण काहीही लिहायचं नाही, शिसपेन्सिलीनंसुद्धा नाही. दोन, कागद कशाबद्दल आहे ते बघायचं नाही, तो कुणाच्या हातून आला ते बघायचं. एखाद्या राजदूतानं हापूसच्या पेटीबद्दल आभार मानले असले तरी ते पत्र आंब्याच्या फाईलीत जात नाही, राजदूताच्या फाईलीत जातं. तुला हे इतकं आवडलं की कुणीही नवीन आलं की तू त्याला हापूसची गोष्ट सांगायचीस, आणि ती माझ्यापेक्षा चांगली सांगायचीस.

मग ते सोव्हिएत रशियाचं कपाट. देश मोडून तीन-चार वर्षं झाली होती, आणि केंद्राचे प्रमुख, आपले सर, म्हणाले, जुन्या पाट्या काढा, नव्या देशांची नावं लावा. मी म्हटलं, हे व्हायचं नाही. कागद आले तेव्हा ज्या नावानं आले त्याच नावानं राहतील. सरांशी मी दोन दिवस भांडले. तू माझ्या बाजूनं उभी राहिलीस आणि सरांना म्हणालीस, "सर, देश गेला बिचाऱ्यांचा, नाव तरी राहू द्या." सर हसले आणि पाटी राहिली. सरांशी मी नियमावर बोट ठेवून भांडत होते. तू त्यांना हसवून काम काढून घेतलंस. मला ते कधीच जमलं नाही.

शनिवारची एस.टी. आपण पाच वर्षं एकत्र केली. स्वारगेटला धावत यायचीस आणि मी रुमाल टाकून धरलेल्या जागेवर अशी बसायचीस, जशी जागा तुझ्या नावावर होती. बारामतीला उतरून मी कऱ्हाटीची गाडी धरायची, तू निरवांगीची. एकदा पाऊस-पाण्यानं तुझी गाडी आलीच नाही, तेव्हा तू माझ्याबरोबर कऱ्हाटीला आलीस. भिंतीवर हार घातलेला माझ्या आबांचा फोटो होता. तू विचारलंस, "आजोबा का? कान फाटलाय वाटतं." मी म्हटलं, "लांडग्यानं. मेंढरं राखायचे." तू फोटोकडं बघून म्हणालीस, "नाक-डोळे तुझेच हायत की." मी हसले. त्या फोटोखाली ताटाला ताट लावून आपण जेवलो.

हे सगळं खोका सापडायच्या आधीचं.

खोका तुलाच सापडला. केंद्र नवं होतं तेव्हा कॅनडाहून एक बाई पाहुण्या अभ्यासक म्हणून आल्या होत्या. दुभाषा घेऊन त्या बारामती-इंदापूरकडच्या गावांतून हिंडल्या. ज्या घरांनी बौद्ध धर्म घेतला त्यांच्याशी बोलल्या, आणि गावातल्या बाकीच्यांशीही बोलल्या. जाताना टाईप केलेल्या टिपणांची एक प्रत केंद्राला देऊन गेल्या. चौतीस माणसांचं बोलणं. नाव कुणाचंच नाही, फक्त नंबर. बोलणं मराठीत झालेलं, उतरलं ते इंग्रजीत, आणि नंतर तीस वर्षं कुणी दोरासुद्धा सोडला नव्हता.

तू खिडकीपाशी उभी राहून वाचत होतीस. अकरा नंबर. विवाहित स्त्री, वय अंदाजे पंचवीस, मांडीवर मुलगी, मुलीच्या डाव्या भुवईवर भाजल्याचा व्रण. तुझं बोट आपोआप तुझ्या भुवईवर गेलं. "मंदे," तू म्हणालीस, "ही मी आहे."

मग आपण दोघींनी उभ्याउभ्या पुढचं वाचलं. अकरा नंबर सांगत होती, माहेरी असताना, धर्म घेतल्यावर, आम्ही पोरी पहिल्यांदा गावच्या आडावर पाण्याला गेलो. एका माणसानं माझं मडकं हिसकून दगडावर आपटलं. मी मडक्याचा गळा तेवढा हातात धरून घरी आले, आणि आईला म्हणाले, पाणी असू दे, मला आधी दुसरं मडकं दे. दुसऱ्या दिवशी परत गेलो.

तुझ्या आईनं हे तुला कधीच सांगितलं नव्हतं. तू त्या दिवशी डबा खाल्ला नाहीस. संध्याकाळी म्हणालीस, हे मी परत मराठीत आणणार आणि तिला वाचून दाखवणार. तिला एकटीलाच नाही, चौतीस जणांतले जे जगलेत त्यांना सगळ्यांना. आणि प्रत्येक नंबरापुढं नाव लावणार.

इथून आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, मूळ कागदावर लिहायचं नाही. तू म्हणालीस, नाही लिहीत, वेगळी वही करते, ती खोक्यात ठेवू. मी म्हटलं, वेगळी वही म्हणजे वेगळी नोंद. तू म्हणालीस, कर. मी म्हटलं, त्या बाईंनी नंबर दिले ते लोकांना त्रास होऊ नये म्हणून. तेव्हा तुझा आवाज चढला. "कुणाला त्रास होऊ नये म्हणून? माझ्या आईला कुणी विचारलं होतं का, तुला नाव पाहिजे का नंबर? मोडलेल्या देशाचं नाव राहावं म्हणून सरांशी भांडतेस आणि माझ्या आईला अकरा नंबरवर बसवतेस? आणि सांग ना मावशे, नंबर वाचवतो कुणाला? अकराला का सत्ताविसाला?"

सत्तावीस नंबर तू सहज म्हणालीस का मुद्दाम, ते मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र वाद तिथंच सोडला. कारण तोवर मी सत्तावीस नंबर वाचला होता.

कऱ्हाटी. मेंढ्या राखणारा, साठीचा. एक कान फाटलेला. प्रत्येक वाक्य संपलं की काठी आपटतो. "देव सोडले तर सोडू द्यात, त्यांचं त्यांच्यापाशी. पण आडावर आली तेव्हा मी मडकं फोडलं. बाई कुठली, पोरच होती. फोडलं म्हणजे फोडलं." आणि पुढं त्या बाईंनी टिपून ठेवलं होतं, हसतो.

ते हसणं मी ऐकलेलं आहे. त्याच आबांनी मला चौथीनंतर शाळेतून काढू दिलं नाही. बारामतीला शिकायला ठेवायचं म्हणून घरात सगळ्यांशी वाकडं घेतलं, खांद्यावर ट्रंक घेऊन मला वसतिगृहापर्यंत पोचवलं. केंद्रात मी आज बसते ती त्यांच्यामुळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय बोलणार? मी तो कागद परत जागेवर ठेवला आणि तुला काही बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःला समजावलं. पण तू कऱ्हाटीला फोटो बघितला होतास. कान बघितला होतास. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. तू नुसतं "मंदे" म्हणालीस तरी वाटायचं, आता विचारणार.

तू विचारलं नाहीस. शनिवार-रविवार गावोगाव हिंडून नावं गोळा करत राहिलीस. सोमवारी येऊन सांगायचीस, चौदा सापडली, एकोणीस सापडली, आज एक म्हातारी भेटली ती सहा नंबर, तिला ती गोरी बाई आठवते, तिनं पुरणपोळी वरून साखर घालून खाल्ली म्हणे. आणि प्रत्येक वेळी म्हणायचीस, "सत्तावीस कोण ते आईला ठावं हाय, पण ती बोलत न्हाय. तोंड शिवून बसलीय."

आता मी काय केलं ते सांगते.

संगणक येणार म्हणून अर्धी रेकॉर्डची खोली रिकामी करायची ठरलं. काय टाकायचं त्याची यादी मला करायला सांगितली. सर म्हणाले, जे परदेशाबद्दल नाही ते पहिल्यांदा काढा. मी खोका क्रमांक एक्केचाळीस त्या यादीत घातला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'स्थानिक, विषयबाह्य'. माझ्या वळणदार अक्षरात. कागद कशाबद्दल आहे ते बघून! जो नियम मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवला, जो काल आलेल्या पोरांना तू हापूसच्या गोष्टीतून शिकवलास, तोच मी मोडला. पाहुण्या अभ्यासकाच्या हातून आलेला खोका पाहुण्या अभ्यासकांच्या रेकॉर्डमध्येच राहतो, मग त्यात निरवांगी असो नाहीतर न्यूयॉर्क. तू यादी वाचली असतीस तर दुसऱ्या मिनिटाला पकडलं असतंस. म्हणून मी ती तुला वाचायला दिली नाही. यादी पुढं गेली आणि तू नावं पुरी करायला आठ दिवसांच्या रजेवर गेलीस.

सही करताना हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण थरथरला नाही. मी मनाशी म्हटलं, हिनं उतरवून घेतलंच असेल. आणि मला पक्कं माहीत होतं की तू उतरवलेलं नाहीस. नंबर, गाव आणि वय एवढंच वहीत होतं. बोलणं तू उतरवून घेणार होतीस, तर मीच म्हटलं होतं, "कशाला बोटं झिजवतेस? खोका काय पळून जातोय?"

बुधवारी टेम्पो आला. मी दारात उभी राहून खोके मोजून दिले. एक्केचाळीस नंबर शिपायानं उचलला तेव्हा मी दुसरीकडं बघितलं. टेम्पो फाटकाबाहेर गेला तेव्हा मात्र मी धावत खाली गेले. फाटकावरचा म्हणाला, बाई, ते थेट गिरणीला जातं, लगदा करायला. चार ठिकाणी फोन केले. संध्याकाळी कळलं, माल उतरला आणि हौदात गेलासुद्धा.

आणि गुरुवारी तुझा फोन. दुकानातून बोलत होतीस, मागं कुणाचा तरी रेडिओ लागलेला. "मंदे, सत्तावीस नंबर सापडला गं. आईनं शेवटी सांगितलं." मी म्हटलं, बरं झालं. तू म्हणालीस, "शनिवारी ये. मग बोलू." मी म्हटलं, "येते." तू आणखी काहीतरी म्हणालीस आणि फोन ठेवलास.

काय म्हणालीस गं? मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हते. तुझं बोलणं चालू होतं आणि माझ्या डोक्यात एकच, हिला खोक्याचं आत्ता सांगू का शनिवारी सांगू. आवाज कसा होता? चिडलेली होतीस? हसत होतीस? 'मंदे' म्हणालीस हे नक्की, 'मावशे' नाही म्हणालीस. त्यावरून काय समजायचं ते मी गेले कित्येक दिवस ठरवते आहे. शनिवारी समोरासमोर सांगायचं असं ठरवून मी गाडीत बसले होते, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. ठरवलेलं आणि केलेलं यात फरक असतो हे मला कळतं.

त्या शनिवारी तुमच्या घरी पोचले तेव्हा ओट्यावर बायका बसल्या होत्या आणि दोरीवर तुझी निळी साडी वाळत होती. मी ती साडी बघून मिलिंदला म्हणाले, "हे बघ, साडी आहे तिची." त्यानं माझी पिशवी आत नेऊन ठेवली. तुझ्या आईनं मला जवळ बसवलं. थोड्या वेळानं स्वतःच उठून तुझी वही आणून माझ्या मांडीवर ठेवली. "तिची हाय. बग."

एक ते चौतीस. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, आहे का गेला. अकरापुढं तुझ्या आईचं माहेरचं नाव लिहून खाली सासरचं. सत्तावीसपुढं माझ्या आबांचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. कऱ्हाटी. गेले. निळ्या शाईत, बाकीच्या तेहतीस नावांसारखंच सरळ अक्षर. खाडाखोड नाही, शेरा नाही, खूण नाही. मी पान उलटून मागं बघितलं, पुढं बघितलं. काहीच नव्हतं. म्हणजे फोन केलास तेव्हा तुला माहीत होतं. मी वही मिटून तुझ्या आईला परत दिली. त्या दिवशी तिला काही सांगायची माझी हिंमत झाली नाही.

सोमवारी सरांपुढं उभी राहिले. म्हटलं, यादी चुकली, चूक माझी, एक्केचाळीस नंबर जायला नको होता. सर म्हणाले, "स्थानिकच होतं ना? जाऊ द्या बाई, आधीच तुम्ही धक्क्यात आहात." मी चुकीची कबुली लेखी देऊन आले. त्यांनी ती वाचली का माहीत नाही. रेकॉर्डमध्ये मात्र ती राहील, ती मी स्वतः लावली आहे.

आणि परवा, मांडवातले लोक जेवून गेल्यावर, तुझी आई सतरंज्या झटकत होती. मी दुसरं टोक धरलं.

म्हटलं, "आई, ते कागद गेले. रद्दीत. मीच घातले."

"कंचं कागद?"

"त्या गोऱ्या बाईचे. तुमी सगळे बोललेले. सुजाता वाचून दाखवणार होती ते."

तिनं सतरंजीची घडी घातली. "का घातलंस?"

"माझ्या आबांचं नाव लागणार होतं म्हणून."

ती खाली बसली. मीही बसले. मला वाटलं, आता उठून जा म्हणेल. म्हणाली, "तुजा आजा मला म्हायती हाय. तू पयल्यांदा हितं आलीस तवाच वळखलं मी. नाक त्येचंच हाय. सुजीला मी लई दिस सांगितलं न्हाय. म्हनलं मैतरीन हाय तिची, कशाला मदी इख कालवा. पर ती काय सोडती व्हय!"

"आणि कागद?"

"कागदाचं मला काय सांगतीस? मडकं माजं फुटलं व्हतं. मी काय बोलले ते मला ठावं हाय." मग सतरंजीची घडी बाजूला सारून म्हणाली, "मला ते तिच्या तोंडनं ऐकायचं व्हतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. वही केंद्रात ठेवायला द्याल का, असं विचारणार होते, पण ती वही तिनं उशाला घेतलेली मी बघितली होती. तिथं आता तुझ्या अक्षरातलं दुसरं काही नाही. राहू दे तिच्यापाशी. आबांचं नाव तिथं राहू दे, तसंच, शाईत.

एक मात्र विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "आई, तुमी सत्तावीस नंबरचं सांगितलंत तवा ती काय म्हणाली?"

"काय म्हनायची? गप बसली. वहीत नाव लिवलं. मंग म्हनली, शनवारी मंदीला बोलवती, जेवायला काय करायचं? म्हनलं, वांगी हायती. तर म्हनली, वांगी नगं, तिच्या अंगाला खाज सुटती. मटकी भिजत घालती. घातली बी. शुक्रवारी सकाळी तिनंच फडक्यात बांधून ठिवली."

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण विचारलं, "मग?"

"मंग काय. शनवारी फडकं सोडलं तर ह्ये एवढं मोड आलं व्हतं. शेजारनीनं शिजवली. तुला वाढली न्हवं का त्या दिशी? जेवलीस की तू."

जेवले असेन. मिलिंदही म्हणतो, जेवलात. भाकरी मोडल्याचं मला आठवतं. मटकी आठवत नाही, सुजाता.